लेखातल्या भावाचे शुद्धिपत्र

शनिवार, ९ जानेवारी १९९३
सायंकाळचे सात वाजून वीस मिनिटे
दुकानातून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे लिहायला बसलो तेव्हा झिजलेल्या पाच किलोच्या वजनाच्या बुडातल्या भोकात शिसे भरून ते निवायला ठेवले होते. मालक घरी गेले आहेत, कुलूप लावायचे काम माझ्याकडे आहे. तराजू दुरुस्त करायच्या या टेबलावर तुझे कागद पसरायला शनिवारची हीच वेळ बरी पडते. हात साबणाने दोनदा धुतले आहेत. तरीही समासात डाग दिसलाच तर तो पितळेच्या पॉलिशचा आहे, माझ्या निष्काळजीपणाचा नव्हे.

तुझे अक्षर पुन्हा बिघडले आहे. संपादक मंडळी एका बाजूला, समास सोडून, सुवाच्य असे मागतात आणि तू धावत्या बसमध्ये उभी राहून लिहिल्यासारखे लिहितेस. अशाने तुझी स्वच्छ प्रत काढण्याचे माझे काम तुला पीएच.डी. मिळाली तरी सुटणार नाही.

तीनपैकी दोन लिखाणांच्या प्रती काढून आज दुपारी पोस्टात टाकल्या. कविता मासिकाला गेली. तीत 'रिकामे' हा शब्द नऊ वेळा आला आहे. आमच्या दुकानात रिकामे पारडेसुद्धा आम्ही दिवसाला एवढ्या वेळा बघत नाही. पण नक्कल करणाऱ्याने मजकुराला हात लावायचा नसतो, म्हणून नऊच्या नऊ ठेवले. विद्यापीठाचे ग्रंथालय सहालाच बंद होते, ही तक्रार दैनिकाला गेली. त्यात तू दोनशे खुर्च्या म्हटले आहेस. मोजल्या होत्यास का, ते कळव. कोणी विचारले तर पंचाईत नको.

तिसरा लेख मात्र अडला आहे. 'माझा भाऊ' हा. साप्ताहिकाच्या संपादकांना तो वीस तारखेच्या आत हवा आहे, आणि पसंत पडला तर एप्रिलपासून वर्षभर दर महिन्याला सदर देऊ असे ते म्हणाले आहेत, हे मला पाठ आहे. तुझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपली, हेही पाठ आहे. सदर मिळाले नाही तर वसतिगृह सोडून, प्रबंध अर्धा टाकून तुला घरी यावे लागेल. हे सगळे माहीत असूनही चौथ्या पानावर माझा हात थांबला. तू लिहिले आहेस की बाबांजवळ एकाच फीचे पैसे होते, म्हणून मी सोळाव्या वर्षी दिव्याच्या उजेडात माझी पुस्तके तुझ्या हाती दिली आणि तुझ्यासाठी शाळा सोडली.

ताई, तू तेव्हा कॉलेजात होतीस. नववीची पुस्तके घेऊन तू काय करणार होतीस?

काय करू ते लगेच कळव. आईची कंबर बरी आहे. बाबांचा चष्मा बदलला. वजन निवले, आता तोलून बघतो.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरावा.

तुझा,
धाकटा

*

१२ जानेवारी

चि. गुंज्यास,
अ. आ.

गुंजभर इकडेतिकडे झालं तरी ज्याला झोप लागत नाही, त्याचं नाव गुंज्या नाही ठेवायचं तर काय ठेवायचं. तुझं पत्र वाचून माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, की हा भाऊ आहे का वजनमापं तपासायला येणारा साहेब.

खुर्च्या मी मोजल्या नव्हत्या. काल जाऊन मोजल्या. एकशे त्र्याऐंशी निघाल्या, त्यातल्या चार मोडक्या. झालं समाधान? ग्रंथपाल माझ्याकडे असे बघत होते, की मी खुर्च्या उचलून नेणार आहे.

आता लेखाचं. अरे, तो ललित लेख आहे, पावती नाही. पुस्तकं हातात दिलीस की नाही दिलीस याला महत्त्व नसतं, त्यामागचं खरं असतं. तू माझ्यासाठी शाळा सोडलीस हे काय मी मनाने रचलं? आईने मला सांगितलंय, शेजारच्या काकूंना सांगितलंय, मामाला सांगितलंय. तू तेव्हाही समोर खाली मान घालून बसला होतास आणि आताही तसाच बसला असशील. लाजू नकोस. एकदा तरी कुणी तुझ्याबद्दल चांगलं लिहितंय, ते मुकाट्याने उतरवून काढ आणि पाठव. कानामात्रा बदलू नकोस. मोठ्या बहिणीची आज्ञा समज.

उशीर झाला तर ते सदर जाईल त्या गृहस्थाकडे, जो दर लेखात आपल्या मांजरीविषयी लिहितो. मांजरीपुढे तुझी बहीण हरली, असं तुला चालेल का?

आईबाबांना नमस्कार. तुझ्या आकसलेल्या मनालाही थोडे आशीर्वाद.

ताई

*

रविवार, १७ जानेवारी
सकाळचे दहा, घरी, आई बाजारात गेली आहे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेख काल रजिस्टरने गेला. पावती जपून ठेवली आहे. सहा पाने, कानामात्रासुद्धा बदललेली नाही. तुझी आज्ञा पाळली.

पण लेखासोबत मी एक वेगळा कागद जोडला आहे. पुस्तकात चूक राहिली तर शेवटी शुद्धिपत्र लावतात, तसे. त्याची कार्बन प्रत अशी :

पान २, ओळ ६. 'अंधाऱ्या दुकानात एका पिवळ्या दिव्याखाली' याऐवजी 'तीन ट्यूबलाइटच्या उजेडात' असे वाचावे. अंधारात काटा जुळत नाही.

पान ३, ओळ ११. 'त्याचे तेलकट हात' याऐवजी 'काळे हात'. तराजूला तेल लावत नाहीत, धूळ धरते.

पान ४, ओळ २. 'वडिलांजवळ एकाच फीचे पैसे होते' याऐवजी 'वडिलांनी दोघांच्याही फिया भरल्या होत्या'. माझी फी त्यांनी दोनदा भरली.

पान ४, ओळ ९. 'माझ्यासाठी शाळा सोडली' याऐवजी 'नववीत दोनदा नापास झाला म्हणून सोडली'.

कळावे, लेखातला भाऊ.

आता तुला सांगतो, म्हणजे संपादकांच्या आधी तुला कळेल. मी अभ्यासात वाईट नव्हतो. मला पेपर संपवता येत नव्हता. आधी सगळ्या पानांना समास आखायचो. मग पहिले उत्तर लिहायचो, वाचायचो, एखादे अक्षर वाकडे वाटले तर पान बदलून पुन्हा लिहायचो. सातापैकी दोन प्रश्न झाले की घंटा व्हायची. त्या दोनांत पैकीच्या पैकी मिळायचे. बाबा मुख्याध्यापकांकडे दोनदा गेले. मला वेळ वाढवून द्या म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले की याला वेळ नाही, वर्ष वाढवून द्यावे लागेल. दुसऱ्या वर्षीही तेच झाले, तेव्हा मीच जाणार नाही म्हणून बसलो.

तू त्या सुट्टीत घरी आलीस आणि विचारलेस. आईने पटकन सांगून टाकले की तुझ्या शिक्षणासाठी सोडली. मला लाज वाटू नये म्हणून. आम्ही झिजलेल्या वजनाच्या बुडात शिसे भरतो, तसे तिने माझ्या बुडात भरले. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला ते बरे वाटले, म्हणून मी गप्प बसलो. हा दोष तिचा नाही.

पण बाबा ते साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या किमतीपर्यंत वाचतात. घरोघरचे विजेचे मीटर वाचून त्यांना सवयच लागली आहे. ज्या माणसाने माझी फी दोनदा भरली, त्याने चौथ्या पानावर काय वाचावे, सांग.

रागाव, पण उत्तर लिही. न लिहिलेल्या पत्राची मला जास्त भीती वाटते.

तुझा,
धाकटा

*

२१ जानेवारी

गुंज्या,

आज मायना नाही. आशीर्वाद शिल्लक नाहीत.

तुझं शुद्धिपत्र वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून वाचलं. 'लेखातला भाऊ' इथे आले तेव्हा इतकी हसले, की वरून मुली बघायला आल्या. खोलीत जाऊन पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

नऊ वर्षं, गाढवा. नऊ वर्षं मी नवी चप्पल घेताना तुझा विचार करत आले. एम.ए.ला दोन गुण कमी पडले तेव्हा तुला तोंड कसं दाखवू म्हणून सुट्टीत घरी मुद्दाम उशिरा आले. परवाच्या पावसाळ्यात प्रबंध सोडून कुठेतरी नोकरी धरावी असं शंभरदा वाटलं, आणि शंभरदा वाटलं, की ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली त्याला काय सांगू. आणि तू इकडे समास आखत बसला होतास.

तुझ्यावर रागावू की आईवर, की माझ्यावर? मी तर कधी विचारलंसुद्धा नाही. मला ती गोष्ट फार आवडत होती ना. तिच्यावर कविता जुळत होत्या.

सदर तर आता गेलंच. लेखाबरोबर लेख खोटा असल्याचा दाखला पाठवणारी लेखिका संपादकांनी आजवर पाहिली नसेल. मार्चअखेर खोली सोडावी लागेल. आईला सांग, माझी गादी उन्हात घाल. तुझी मांजर जिंकली.

ताई

*

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांजर माझी नाही.

गादी उन्हात घातलेली नाही. आईला काही बोललेलो नाही. दुकानात दोन दिवसांत एका काट्याची दांडी तीनदा उलटी बसवली. मालकांनी विचारले की प्रेमात पडलास काय. मी सांगितले की बहीण रागावली आहे. ते म्हणाले की मग हे त्याहून वाईट.

चप्पल घेत जा.

धाकटा

*

१० फेब्रुवारी

चि. गुंज्यास,
अ. आ. (मागच्या पत्राचे धरून दुप्पट)

बस आधी. नक्कल करायची नाही, फक्त वाचायचं.

संपादकांचं पत्र आलं. माझी सहा पानं साभार परत. ते म्हणतात, त्याग करणाऱ्या भावावरचे लेख त्यांच्याकडे महिन्याला पाच येतात आणि पाचही भाऊ एका पिवळ्या दिव्याखाली बसलेले असतात. पण लेखातल्या भावाने हरकत घेतल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तुझं शुद्धिपत्र त्यांनी ठेवून घेतलंय. ते जसंच्या तसं छापायचंय, वर माझ्या दहा ओळी हव्यात. मानधन पंचाहत्तर रुपये, तुझ्या नावाने.

म्हणजे आजचा निकाल असा : पीएच.डी.वाली नापास, नववी नापास पास. माझ्या मैत्रिणीने हे भिंतीवर लिहून लावलंय.

आणि सदर मलाच दिलंय. एप्रिलपासून. एका अटीवर, की डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं आणि प्रत काढणाऱ्याला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही. त्या एकशे त्र्याऐंशी खुर्च्यांवर मी पहिला लेख लिहिलाही, सोबत पाठवतेय. त्यात 'रिकाम्या' हा शब्द एकदाच आहे. मोज.

आता खरं विचारते. शुद्धिपत्र छापलं तर तू नापास झालास हे सगळ्यांना कळेल. आईने इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडेल. तू नको म्हणालास तर मी संपादकांना नकार कळवीन, सदराचं काय व्हायचं ते होवो. हे तोंडदेखलं म्हणत नाही. आईबाबांना विचारून लिही.

तुझ्या काळ्या, तेलकट नसलेल्या हातांना सांभाळ.

ताई

*

रविवार, १४ फेब्रुवारी १९९३
दुपारचे चार वाजून पाच मिनिटे, घरी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छापायला माझी हरकत नाही. आईला आधी सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली की नऊ वर्षांत एवढे एकच खोटे बोलले, तेही छापून येणार असेल तर नाव तरी नीट छापा म्हणावे. तुझ्यावर तिचा राग नाही. माझ्यावर थोडा आहे, कारण शेजारच्या काकूंना आता तिलाच सांगावे लागेल.

बाबांना कार्बन प्रत दाखवायला मला परवा रात्रीचे जेवण होईपर्यंत धीर झाला नाही. त्यांनी नवा चष्मा लावून ती दोनदा वाचली, मीटर वाचतात तशी, बोट ठेवून. तिसऱ्या नोंदीवर बोट थांबले. मला वाटले, दुखावले. ते उठले, कपाटावरचा डबा काढला आणि म्हणाले की हे चुकले आहे.

ताई, डब्यात माझ्या फीच्या पावत्या तीन निघाल्या. तिसरी पावती मी शाळेत जाणार नाही म्हणून बसलो त्याच्या पुढच्या आठवड्यातली. मला न सांगता ते भरून आले होते. मी म्हटले की मी तर गेलोच नाही. ते म्हणाले की गेला असतास तर नाव पटावर हवे ना.

शुद्धिपत्रात 'दोनदा भरली' असे मी लिहिले आहे, ते 'तीनदा' असे वाचावे. संपादकांना हे पत्र मिळताच कळव. चूक माझी आहे. डबा न बघता लिहिले.

नंतर बाबांनी एवढेच विचारले की आता हाताला घड्याळ बांधून बसलास तर पेपर पुरा होईल का. काल ट्यूबलाइटखाली बसून तुझ्या खुर्च्यांच्या लेखाची प्रत काढली, समोर मालकांचे घड्याळ ठेवून. चार पाने, एक तास दहा मिनिटे. एक अक्षर वाकडे आले आहे. तसेच ठेवले. 'रिकाम्या' एकदाच आहे, मोजले.

आता हिशेब, म्हणजे मन मोकळे.

कागद आणि कार्बन : ७ रु. ५० पैसे
रजिस्टर : ८ रु.
तिकिटे : ४ रु.
एकूण खर्च : १९ रु. ५० पैसे
मानधन येणे : ७५ रु.
बाबांना देणे, तिसऱ्या वर्षाची फी : ५४ रु. (घेणार नाही म्हणतात. डब्यात ठेवीन.)
उरले : १ रु. ५० पैसे, तुझ्या पुढच्या पाकिटाला.
शाळेपोटी ताईकडून येणे : काही नाही. हा आकडा तीनदा तपासला आहे.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवून मोजू नकोस.

तुझा,
लेखातला भाऊ