ती चाचणी वगळायची नाही

मिरजगाव, बुधवार

आजीचा फोन कापायचा आणि वर ‘मीटिंगमध्ये आहे’ असा आयता मजकूर पाठवायचा, हे तुला कुणी शिकवलं? मी काय विमा विकायला फोन करते? काल सकाळी कापलास, दुपारी कापलास, आणि संध्याकाळी तुझ्या बायकोने, निकिताने, उचलून सांगितलं की हर्षल जरा गडबडीत आहेत. गडबडीतला माणूसही श्वास घेतो, मग ‘बोल आजी’ एवढं म्हणायला त्याची जीभ झिजत नाही. म्हणून हे पत्र. हे कापता येत नाही. फाडता येतं, पण तेवढी तुझी छाती नाही.

प्रिय हर्षल, आता आशीर्वाद घे आणि खुर्चीत नीट बसून वाच. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस, म्हणणं काय आहे ते बघ. माझा खुबा आता बरा आहे. काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जाते, येताना कलाबाईकडे टेकते. तिच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलंय. नाकात नळी घालून टीव्ही बघते आणि मालिकेतल्या सुनेला शिव्या देते. श्वास पुरत नाही, पण शिव्या पुरतात. तुझ्या बापाने श्रीगोंद्याच्या कारखान्याचा सीझन सुरू झाल्यापासून तोंड दाखवलेलं नाही. दिसला तर मी ओळखेन, एवढं त्याला कळव.

तुझी बहीण सायली माझा खुबा मोडला तेव्हा आली ती राहिलीच. गाव म्हणतं, पोरीला पुण्यातून काढलं असणार, नाहीतर कोण परत येतं. मी म्हणते, व्हय, काढलं, आता तुमच्या पोराला कामाला लावणार आहे ती. तुझे आजोबा जिथे गिरणी चालवायचे ती खोली तिने झाडून घेतली, जळमटं काढली आणि टेबल टाकलं. भिंतीच्या फटीतून अजून पीठ गळतं, ते फडक्याने पुसते आणि कामाला बसते.

ती तिथे काय करते ते मी आधी विचारलं नव्हतं. अंथरुणाचा लई कंटाळा आला तेव्हा विचारलं. म्हणाली, दादा आणि मी कामाला आहोत ती पुण्याची कंपनी श्वासाच्या यंत्रांसाठी मूळ प्रोग्राम बनवते, त्याला कर्नल म्हणतात. यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना वेळ आणि जागा वाटून देतो. त्याचा एकेक तुकडा सुटा काढून वाजवून बघायचा, आपण बाजारात मडकं वाजवून घेतो तसा. खणखणीत वाजला तर पडद्यावर हिरवी ओळ, बद्द वाजला तर लाल. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. एवढं मला कळलं आणि एवढं मला पुरलं.

दिवाळीनंतर एक ओळ लाल यायला लागली. ती चाचणी एकटी चालवली की हिरवी, सगळ्यांबरोबर चालवली की लाल. तेही रोज नाही. कधी येणार, कधी नाही, रुसलेल्या जावयासारखी. पोरीने जेवण सोडलं नाही, कारण मी सोडू दिलं नाही, पण ताटाकडे बघत नुसता घास चिवडत बसायची.

तिने तुला विचारलं. तू तिथला मोठा, कामं वाटून देणारा, तुलाच विचारणार. तू म्हणालास, गावाकडची लाइट खाली-वर होते, तुझं मशीन जुनं आहे, आमच्याकडे पुण्यात सगळं हिरवं येतं. हे ‘आमच्याकडे’ मला लागलं. तुझी नाळ इथे पुरलीय, आणि पुणं तुमचं झालं. सायलीने बॅटरी आणून जोडली, तरी लाल. मग मशीन माझ्या शालीत गुंडाळलं आणि एसटीने नगरला घेऊन गेली, सावेडीत तिची मैत्रीण राहते, संस्कृती, तिच्याकडे. मलाही नेलं, खुब्याचा फोटो काढायचा होता. रस्ताभर मशीन मांडीवर धरून बसली. खड्डा आला की हात आधी मशीनकडे, मग माझ्याकडे. संस्कृतीच्या घरी लाइट जात नाही की हलत नाही. तिथेही लाल. म्हणजे लाइटचा विषय संपला. हे तिने तुला कळवलं आणि तू अंगठा पाठवलास. आमच्या वेळी न शिकलेली माणसं अंगठा द्यायची.

मग तिने निवड सुरू केली. चाचण्यांची निम्मी रास बाजूला काढायची, उरलेली चालवायची. लाल आली तर दोष ह्या राशीत, नाही आली तर त्या राशीत. पुन्हा निम्मी करायची. लाल यायची नाही तेव्हा खरंच गेली की लपून बसली ते बघायला तीच रास पुन्हा पुन्हा चालवायची. तांदूळ निवडतानाही मला एवढा धीर नव्हता कधी. शेवटी दोनच उरल्या. ही आधी आणि ती नंतर चालवली की नंतरची लाल. उलट्या चालवल्या की दोन्ही हिरव्या. ती उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आजी, मागच्याचं पीठ राहतंय.

हे तुला तरी समजावून सांगायला लागू नये, तू त्या पिठात लोळून मोठा झालास. उपासाचं दळण बायका सकाळी पहिलं का आणायच्या? ज्वारी दळलेल्या गिरणीतून राजगिरा काढला तर त्यात ज्वारी येणारच. उपास मोडणार राजगिरावालीचा, आणि ज्वारीवाली कधीच घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसलेली. इथेही तसंच. पहिली चाचणी श्वास मोजणाऱ्या भागाला चालू करते, तो स्वतःपुरता एक गजर लावून घेतो, आणि भाग बंद झाला तरी गजर लावलेलाच राहतो. पुढे तो वाजतो तेव्हा त्याच्या जागी दुसरं कोणी राहायला आलेलं असतं, आणि हा जाऊन त्याच्या सामानात हात घालतो. पुण्यात तुम्ही प्रत्येक चाचणीला कर्नल नव्याने सुरू करता, म्हणजे प्रत्येक बाईला धुतलेली गिरणी. तुमच्याकडे लाल येणार कुठून? इथलं जुनं मशीन नव्याने सुरू व्हायला वेळ खातं, म्हणून सायली एकदाच सुरू करते आणि सगळ्या चाचण्या ओळीने काढते. आता मला सांग, पेशंटच्या उशाशी यंत्र कसं चालतं? एकदा सुरू केलं की महिनोन्महिने तसंच. पुण्यासारखं नाही, मिरजगावासारखं.

म्हणजे दोष चाचणीचा नव्हताच, त्या भागाच्या प्रोग्रामचा होता. बंद होताना, आधी लावलेला गजर काढ आणि तो निघाल्याची खात्री होईपर्यंत थांब, एवढं सांगणारी एक ओळ घालायची राहिली होती. तिने ती घातली, सगळं हिरवं. काढली, लाल. पुन्हा घातली, हिरवं. मी शेजारी स्टूल टाकून बसले होते, रंग मला कळतात. नळी निसटली किंवा श्वास अडला तर ते यंत्र ओरडायला हवं, आणि त्या ओळीवाचून तो राहिलेला गजर कधीतरी ओरडणाऱ्या भागाच्याच सामानात हात घालणार आणि यंत्र गप्प बसणार. कधी आणि कुणाच्या घरी, ते आधी कळत नाही.

हे सगळं तिने तुला लिहिलं. तुझं उत्तर मी तिच्याकडून वाचून घेतलं. ‘ती टेस्ट वगळ. सोमवारी यंत्रं बाहेर पडणार आहेत, मला सगळं हिरवं हवंय. जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो.’ खाली सहीसुद्धा नाही. मी तिला विचारलं, तो श्वासाचा भाग लिहिला कुणी? पोरगी उठली आणि चहा ठेवायला गेली. आमचा चहा नुकताच झाला होता.

बारावीनंतर तुझा बाप तिला नगरच्या पुढे पाठवायला तयार नव्हता, तेव्हा तू जेवत्या ताटावरून उठून त्याच्याशी भांडलास. पुण्याला नेलंस, स्वतःचं काम तिला दाखवलंस, आणि तिने पहिल्यांदा तुझी चूक काढली तेव्हा मला फोन करून तासभर कौतुक सांगत होतास. माझी डाळ करपली त्यात. आता तीच पोरगी चूक काढते तर तू काम काढून घेतोस. मोठ्या साहेबांना शब्द दिलायस म्हणे. दिला असशील. शब्द तुझा गेला तर पुन्हा देता येईल, ज्याचा श्वास जाईल त्याला काय देणार आहेस?

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. सायलीने दुरुस्ती आणि सगळा पुरावा एका मेलमध्ये भरून ठेवलाय, तुझ्या साहेबांना आणि सगळ्या टीमला एकदम जाईल असा. अजून पाठवलेला नाही. आधी तर ती दुरुस्ती तुझ्याच नावाने पाठवणार होती, तूच शोधलीस असं दिसावं म्हणून. मी होऊ दिलं नाही. तर म्हणाली, ‘आजी, मग सगळ्यांसमोर दादाचं नाव निघेल.’ मी म्हणाले, ‘निघू दे. नाव धुता येतं.’ पण त्याआधी तू स्वतः उठून सांगावंस असं तिला फार वाटतं, आणि ते तुला सांगायला तिची जीभ रेटत नाही. म्हणून तिच्या नकळत हे मी लिहिते. कलाबाईचा जावई उद्या पुण्याला निघालाय, तो तुझ्याच हातात देईल. तू साहेबांकडे जा आणि सांग, चूक माझी, शोधली माझ्या बहिणीने, यंत्रं थांबवा. रविवारपर्यंत गेलास तर तिचा मेल तिच्याकडेच राहील. नाही गेलास तर सोमवारी सकाळी ती तो पाठवेल, आणि तिचा हात थांबला तर बटण कुठलं ते मला माहीत आहे. तिची नोकरी गेली तर जाऊ दे, भाकऱ्या मी अजून थापते. मला उत्तर नको. निकिताकडून खुशाली तर नकोच नको. उत्तर सायलीला दे, आणि ते तूच दे.

तुझीच,
पण या कामात सायलीकडची,
आजी बनुबाई