माझ्या नाकाला काहीही झालेलं नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

मॅनेजर फिन्ले रेनी यांनी आज मला सक्तीची रजा दिली, म्हणून हे लिहिते आहे. दुसरं कारण नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या बायका मला कधीच आवडल्या नाहीत.

घडलं ते असं. टोमनाबेन डिस्टिलरीच्या नमुना-खोलीत मी हुंगून 'हो' म्हटल्याशिवाय एकाही पिंपातली व्हिस्की बाटलीत जात नाही. गेल्या शुक्रवारी मी एका पिंपाला 'हो' म्हटलं. तर आमच्या हुंगणाऱ्यांच्या पॅनेलमधली सगळ्यात धाकटी, कर्स्टी टॉख, जिचे अर्धे केस निळे आहेत, ती हात वर करून म्हणते, "मिस इम्लाख, कुबट वास येतोय हो. ओल्या पुठ्ठ्यासारखा." रेनींनी हुंगलं आणि पेला बाजूला ठेवला. बाकीच्यांनीही हुंगलं. त्यांनीही पेले बाजूला ठेवले.

मी सांगितलं, तो खोलीचा वास आहे. खोली नीट झाडत नाहीत.

सप्टेंबरात सर्दी झाली होती हे खरं. ती गेली. नाक जागेवर आहे.

आता एकवीस तारखेला रेनी माझी परीक्षा घेणार. तीन पेले, दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते नुसतं हुंगून ओळखायचं. अशा बऱ्याच फेऱ्या. पेले निळ्या काचेचे, म्हणजे रंग दिसत नाही. ओळखलं तर माझी खुर्ची माझी. नाही ओळखलं तर ती कर्स्टीची. ही परीक्षा या डिस्टिलरीत मीच सुरू केली, याची रेनींना आठवण करून दिली. ते म्हणाले, "म्हणूनच, मिस इम्लाख."

संकल्प: रोज एक वेगळी व्हिस्की. हुंगायची, एक घोट जिभेवर फिरवायचा, थुंकायचा. गिळायचा नाही. गिळणारे लोक पर्यटक असतात.

५ नोव्हेंबर

पेले भरून द्यायला कुणीतरी हवं. घरात माझी थोरली बहीण जेसी आहे. ती चर्चच्या दारूबंदी मंडळाची खजिनदार. म्हणाली, "या घरात दारू आली ती बाबांच्या खोकल्याला. तीही चमच्याने." बराच वेळ समजावल्यावर तयार झाली. अटी दोन. बाटलीला ती रबरी हातमोजे घालूनच हात लावणार, आणि ज्या सिंकमध्ये बटाटे धुतले जातात तिथे मी थुंकायचं नाही.

व्हिस्की शेजारच्या वॉटीकडून. वॉटी निवृत्त होईपर्यंत डिस्टिलरीची पिंपं बांधायचा. आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की जाणारा सगळ्यांना एकेक बाटली देतो. वॉटीने सगळ्या गावाला निरोप दिलेला, त्यामुळे कपाट भरलेलं. कुंपणावरून बाटली देताना म्हणाला, "काय मिस, शेवटी लागलंच का व्यसन?"

जेसीने साध्या काचेच्या पेल्यात दिली. मी क्षणात ओळखलं: शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. बरोबर! रंगाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. गडद लाल होता.

परीक्षेची चिंता करण्याचं कारण दिसत नाही.

६ नोव्हेंबर

आजची फिकट. खूप वेळ हुंगली. 'नाजूक' असं टिपलं. नाजूक हा अचूक शब्द आहे.

जेसी दारातून, तोंड फिरवून म्हणाली, "वाळलेल्या गवताचा येतोय. आणि हिरव्या सफरचंदाचा." मी तेच लिहिणार होते. लिहिलं.

बाबांचा कोट अजून दाराजवळच्या खुंटीला आहे. बाबा डिस्टिलरीच्या गोदामात होते. बाहेर पडताना त्या बाहीत क्षणभर नाक खुपसायची मला सवय आहे, त्यात भावनिक काही नाही. कोटाचा वास उडाला आहे. जेसीने धुतला असणार. विचारलं तर म्हणाली, हात लावलेला नाही. धुतलाच आहे.

८ नोव्हेंबर

बेटावरची. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या, धुरावर माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, वाळवलेली. असली व्हिस्की दगडालाही ओळखता येईल. आज मात्र हवामान फार वाईट. दमट हवेत नाकाचं काम नीट होत नाही, हे शास्त्र आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे.

जेसीने स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "अगं बाई, हॉस्पिटल! आईच्या पायाची बँडेजं!" मी टिपलं: औषधी, सागरी. अप्रशिक्षित माणसाला शब्द सापडत नाहीत.

थुंकायला गुलाबाच्या वाफ्यापाशी गेले. नेमक्या त्याच वेळी पाद्रीबाई फाटकातून आत येत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं नाही का, रोना?" काय सांगणार? घोट गिळला. हा अपवाद.

९ नोव्हेंबर

गिळला. बाहेर गारा.

१० नोव्हेंबर

रविवार. जेसीने पेला भरायला नकार दिला. मी स्वतः भरला. कोणती ते आधीच माहीत असल्यामुळे लगेच ओळखली.

११ नोव्हेंबर, दुपार

वॉटीचं वय झालं आहे. बाटली द्यायला आला, कुंपणाला टेकून छाती भरून श्वास घेतला, माझ्याकडे तिरकं पाहत म्हणाला, "काय घमघमाट सुटलाय हो आज! माल्ट शिजतोय, सगळं गाव लापशीत बुडाल्यागत!" मी म्हटलं, "हो ना, फारच." तर जेसी धुणं वाळत घालता घालता थांबली. म्हणाली, "बॉयलर दुरुस्तीला काढलाय. शुक्रवारपासून डिस्टिलरी बंद आहे, वॉटी."

वॉटी कानापर्यंत लाल झाला. मग अर्धी द्यायची बाटली त्याने पूर्णच दिली आणि कुत्र्याला हाक मारत निघून गेला. कुत्रा त्याच्या पायाशीच होता.

बिचारा. वास नसताना वास येतो त्याला. मी आपलं सौजन्य म्हणून हो म्हटलं.

१३ नोव्हेंबर

पद्धतीत सुधारणा: नाक आणि जीभ यांनी एकत्र काम करायला हवं. त्यासाठी गिळणं आवश्यक आहे. पर्यटकांचं काही बाबतीत बरोबर असतं.

आज जेसी मंडळाच्या बैठकीला. गॅसवर बार्लीचं सूप ठेवून गेली, लक्ष ठेव म्हणाली. मी शेजारच्याच खुर्चीत पेला घेऊन बसले, एकाग्रतेसाठी डोळे मिटले.

जेसी आली ती सगळ्या खिडक्या उघडत सुटली. "रोना! कोळसा झालाय सुपाचा! शेजारी बसून काय करत होतीस गं?"

मी म्हटलं, एकाग्र होते. खऱ्या तज्ज्ञाला एका वेळी एकच वास घेता येतो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. जळका टोप दोन्ही हातांत धरून बराच वेळ सिंकपाशी उभी राहिली. टोप आईचा होता, म्हणून असेल.

१४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात धुराचा अलार्म बसवला. माझी परवानगी न घेता. वॉटी स्टुलावर, जेसी स्टूल धरून. मी आत गेले तर दोघांचं बोलणं बंद. वॉटी म्हणाला, "उंदरांसाठी आहे हो, मिस." मी म्हटलं, उंदीर काय स्वयंपाक करतात का?

आजची व्हिस्की: सौम्य.

१६ नोव्हेंबर

मोठं यश. नवी पद्धत शोधली आहे. आधी जेसीला विचारायचं, तिला काय वाटतं. मग मी हुंगायचं आणि तिची चूक दुरुस्त करायची. आज ती म्हणाली, "लवंग, आणि चर्चच्या बाकांना लावतात ते मेण." मी हुंगलं. दुरुस्तीची गरज पडली नाही. मी हेच म्हणणार होते, फक्त तिने आधी म्हटलं.

परीक्षेला अजून वेळ आहे आणि मी तयार आहे. कर्स्टीला काय समजवायचं याची मनाशी उजळणी केली. कडक पण मायेने. 'मुली, नाक हे शिस्तीने घडतं.'

१८ नोव्हेंबर

बाटलीवरचं लेबल दिसलं. योगायोगाने. माझं उत्तर त्याच्याशी तंतोतंत जुळलं.

१९ नोव्हेंबर

भांडण.

जेसीने पेला ठेवला आणि मी विचारलं तर बटाटे सोलायला बसली. मी पुन्हा विचारलं, तुला कसला येतो? ती म्हणाली, "तू सांग. त्या खोलीत मी नसणार तुझ्या शेजारी."

मी म्हटलं, "मला वास येत नाही असं सुचवायचंय का तुला?"

ती म्हणाली, "मी काही सुचवत नाही. तू बाबांच्या कोटासमोरून हल्ली न थांबता जातेस, एवढंच पाहते आहे."

मी सांगितलं, तू कोट धुतलास म्हणून. त्यावर ती उठली, खुंटीवरचा कोट काढला, बाही स्वतःच्या नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. मग कोट परत टांगला. म्हणाली, "माझ्यानं खोटं बोलवत नाही, रोना. मी धुतलेला नाही."

जेसीच्या हट्टीपणाला सीमा नाही.

पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. पाणी असतं तरी कळलं नसतं, इतकी सौम्य होती.

२० नोव्हेंबर

उद्यासाठी योजना. परीक्षेचे पेले रेनी मांडतात, आणि मांडायचं कसं हे त्यांना मीच शिकवलं आहे. रेनी भित्रे गृहस्थ आहेत. वेगळा पेला ते नेहमी मधे ठेवतात, कडेला ठेवला तर कुणी पाडेल म्हणून. ही लबाडी नव्हे. हा अनुभव. नाक बरोबर आहेच, अनुभव सोबतीला.

आज वॉटीने बाटली दिली नाही. हात दिला. "शुभेच्छा, मिस," म्हणाला. त्याच्या तोंडून थट्टेशिवाय काही ऐकायची सवय नाही मला.

आज व्हिस्की नाही. संकल्प मोडला, पण सकारण.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पांढरा कोट घालून वेळेवर गेले. निळे पेले तीन-तीनच्या रांगांत मांडलेले, वर काचेची झाकणं. प्रत्येक पेल्यावर हवा तेवढा वेळ नाक धरलं. प्रत्येक फेरीला ठाम आवाजात म्हटलं, "मधला."

शेवटच्या फेरीनंतर रेनींनी चष्मा काढून पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

मी म्हटलं, "छान मांडले आहेत, मिस्टर रेनी. तुमचा हात ओळखला मी."

ते म्हणाले, "पेले कर्स्टीने मांडले, मिस इम्लाख. मी आज आत आलोच तुमच्यानंतर."

मग म्हणाले, "चहा घेऊ या." आणि खरोखरच ट्रे घेऊन आले. नमुना-खोलीत चहा! चहाच्या वासाने नमुने बिघडतात, म्हणून या दाराच्या आत चहा आणायचा नाही, हा माझा नियम. माझ्या हस्ताक्षरात दारावर लावलेला आहे. आज कुणी तो मोडला आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हा मला निकाल कळला.

मी म्हटलं, हवा दमट आहे. म्हटलं, पेले नीट विसळलेले नाहीत. रेनी मान हलवत होते, हो, हो. त्यांनी माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

कर्स्टी रडत होती. मी म्हटलं, नाक पूस, नमुने आहेत समोर. ती नाक पुसत म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्हीच मला ओरडला होतात. वास आला नाही तर आला नाही म्हण, अंदाज मारू नकोस. अंदाज मारणारी मुलगी या खोलीत नको, म्हणाला होतात."

म्हणाले होते. आणि बरोबर म्हणाले होते.

मी चहाचा कप उचलून नाकाशी नेला. कडक चहा होता, वाफ येत होती. ती वाफ चेहऱ्याला लागली.

म्हटलं, "नाही आला."

रेनींनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, सर्दीपासून. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सुपूर्द केलं, कर्स्टी टॉख हिच्या ताब्यात:
नमुना-खोलीची किल्ली. कुलपात थोडी उचलून फिरवावी लागते, ते दाखवलं.
पांढरे कोट दोन. एकाचं बटण कालच लावलेलं.
निळे पेले, झाकणांसह. ते कढत पाण्याने धुवायचे, साबण लावायचा नाही, हे सांगितलं. तिला माहीत होतं. तरी सांगितलं.
दारावरची चहाबंदीची पाटी. ती काढू नये, असं बजावलं. काढणार नाही म्हणाली. चहाचा ट्रे तिनेच बाहेर नेला.

रेनींनी मला दिलं: बाटली एक. बाबांनी गोदामात शेवटचं जे पिंप रचलं, त्यातली. एवढी वर्षं कुणी उघडलं नव्हतं. डिस्टिलरीतल्या चाळीस माणसांनी हात मिळवले, म्हणून बाटली पडू नये याच्याकडे लक्ष द्यावं लागलं.

घरी येऊन टेबलावर ठेवली. जेसी आतून हातमोजे घेऊन आली. मग ते तिने टेबलावरच ठेवले आणि उघड्या हातांनी बूच काढलं. पेला मी भरला. माझ्या नाकाशी नेला नाही. जेसीच्या हातात दिला.

तिने डोळे मिटून हुंगलं. दारूबंदी मंडळाची खजिनदार, बराच वेळ हुंगत होती.

"बाबांचा कोट," म्हणाली. मग पुन्हा हुंगून, "आणि पावसात भिजलेलं कुत्रं."

दुरुस्ती केली नाही. तिने सांगितलं तसंच लिहून घेतलं.