काढा निववण्याचे तांब्याचे वेटोळे

मी, राग्नफ्रिद लिरहुस, वय बाहत्तर, राहणार लिरहुस शेत, व्हॉस, नॉर्वे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. गुरुवारी बर्गनला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि मला भीती वाटते, एवढेच.

१. घर, कुरण व गोठा माझी भाची इंगेबोर हिला मिळावा. स्वयंपाकघराचा रंग तिने खुशाल बदलावा. तो निळा मलाही कधी आवडला नाही.

२. बँकेतील शिल्लक बर्गनच्या इस्पितळातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागाला द्यावी. माझे पती बोतोल्व तेथे नऊ दिवस होते.

३. ते तेथे का होते, हे लिहिणे भाग आहे. नाताळची बिअर आम्ही घरीच करत असू, एका वेळी दीडशे लिटर. माल्टाचा उकळता काढा दुधाच्या कॅनांत भरायचा आणि पायऱ्या उतरून ओढ्यात नेऊन निववायचा, ही इथली रीत. अकरा वर्षांपूर्वी पायऱ्यांवर बर्फ होता. मी वरून ओरडले, "आटप की रे, यीस्ट केव्हाचं तयार आहे!" बोतोल्वने पाऊल उचलले आणि तो कॅनसकट पडला. झाकण उडाले.

दफनाच्या दिवशी माझा दीर गुतॉर्म सर्वांदेखत म्हणाला, "तू हाक मारलीस म्हणून तो धावला." ते खरे होते. तेव्हापासून तो माझ्या घरी आलेला नाही.

४. काढा निववण्याचे वेटोळे गुतॉर्मला द्यावे.

बोतोल्व गेल्यावर पंचवीस मीटर तांब्याची नळी मी बारीक वाळूने भरली, म्हणजे वाकवताना ती चेपत नाही, आणि रिकाम्या कॅनभोवती गुंडाळली. मग वाळू झटकली. वेटोळे पातेल्यात ठेवायचे, नळीतून ओढ्याचे पाणी सोडायचे. काढा जागेवरच निवतो. कोणी काही उचलायचे नाही.

पहिल्या वेळी मी चाचणीचे पाणी नळीत तसेच ठेवले. उकळत्या काढ्यात त्याची वाफ झाली आणि टोकातून फुत्कारत माझ्या गालापासून वीतभर अंतरावर भिंतीवर आदळली. मी बिअरच्या खोलीतून रांगत बाहेर आले. दोन आठवडे आत गेले नाही. मग गेले. नळी फुंकून कोरडी केली, टोकाच्या रबरी नळीवर दोन क्लिपा आवळल्या. पन्नास मिनिटांत काढा अडतीस अंशांवर आला. तरी प्रत्येक वेळी मला भीती वाटतेच; पाणी सोडताना मी दारापाशीच उभी राहते.

गुतॉर्म एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि अजून कॅनच उचलतो. ओढ्यापलीकडून त्यांचा खणखणाट आला की मी खिडकी लावून घेते आणि थांबेपर्यंत श्वास रोखून बसते.

५. वरील मजकूर लिहून झाल्यावर घडलेले: शेजारी आजारी पडल्यामुळे साक्षीदार कमी पडला. त्याच्या निरोपावरून दारात गुतॉर्म येऊन उभा राहिला.

"सही हवीये म्हणे. कुठे करू?"

"तुला नाही करता येणार."

"का? माझी सही चालत नाही तुला?"

"ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही, गुतॉर्म."

तो टोपी काढून आत आला. मी कलम चार वाचून दाखवले. तिसरेही वाचले.

"मी पण ओरडायचो त्याच्यावर," तो म्हणाला. "सगळेच ओरडायचे. बोतोल्व होताच तसा सावकाश." मग म्हणाला, "नळी कोरडी कशी करतेस, ते दाखव."

मी दाखवले. वेटोळे त्याने आजच गाडीत टाकले. त्यामुळे कलम चार पूर्ण झाले असून अमलात आणण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. दुसरा साक्षीदारही त्यानेच आणला. गुरुवारी बर्गनला तोच मला नेणार आहे.

माझी भीती गेलेली नाही. पण ती आता एका माणसाला माहीत आहे.

दोन्ही साक्षीदारांनी मला एकाच वेळी सही करताना पाहिले.

राग्नफ्रिद लिरहुस

साक्षीदार:
सुन्नव हेलेलान्ड, परिचारिका
आस्लाक ब्रेक्के, सुतार

व्हॉस, १४ ऑक्टोबर २०१४