दोरीवरचा काळा झगा

सांता मारियाचा डोंगर, ब्राझील
जून १८८४

आई, तुझ्या राइनहोल्टचा समुद्रापलीकडून नमस्कार.

मुलगी झाली, आज अकरावा दिवस. बाळ ठणठणीत आहे, शेजारच्या ओटिलीकाकू तिला शेळीचं दूध पाजतात. कॉफी बरी पिकली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आल्वीनाला बाळंतपणापासून ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, वाट बघा म्हणाले. मी बघतोय. मक्याचा पाव मीच भाजतो. तो खालून करपतो.

काल मळ्यातून आलो तर आल्वीनाचा लग्नातला काळा झगा अंगणात दोरीवर होता. आजीलाही आपण तिच्या लग्नातल्या काळ्या झग्यातच पुरलं होतं. मी काकूंना विचारलं, "हा कशाला काढलात?"

"पेटीत कसर लागते रे," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी झग्याची दुमडलेली बाही तेवढी सरळ केली.

आल्वीनाला तो खिडकीतून दिसला. गेल्या चार दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली. "बाप्तिस्म्याला घालायला काढलास ना? कधी ठरलाय?"

"रविवारी," मी म्हणालो. काहीच ठरलं नव्हतं.

"मग काकूंना कमरेत आवळायला सांग. मी फार वाळलेय."

मुलीला तुझं नाव ठेवायचं म्हणते.

काकू आत्ता माझ्यासमोर सुईदोरा घेऊन बसल्या आहेत. वर बघत नाहीत. रविवारपर्यंत झगा तयार होईल म्हणतात.

तुझाच,
राइनहोल्ट