पंधरा मिनिटांचा निरोप

३ नोव्हेंबर १९६९, शेंदूरजनाघाट

या मशीनची खरी किंमत मांडायची तर साडेआठशे रुपये रोख, माझी सायकल आणि ताराचा सतरा दिवसांचा अबोला. बायको अजून पुरती बोलायला लागलेली नाही. अकोल्यालाच राहिली, दुकान चाललं तर येईन म्हणते. पण चीज अशी आहे की तीही एक दिवस हसेल. एकाच डब्यात रेडिओ आणि टेप, खांद्याला अडकवायला पट्टा, सेल घातले की संत्र्याच्या झाडाखालीसुद्धा वाजते. कॅसेट मात्र एकच मिळाली. दुसरी मुंबईहून येईल तेव्हा येईल.

खुशालरावांनी घराची रस्त्याकडची खोली दुकानाला दिली. माणूस संत्र्यांचा व्यापारी. अंगणभर पेट्या आणि गवत. म्हणाले, रेडिओवाले भाऊ, आमच्या गावात बिघडायले रेडिओ तरी पाह्यजेत नं. मी म्हटलं, आधी विकतो, मग बिघडतील. चहा आला.

माझं शिक्षण चौथी. अकोल्याला एका मिस्त्रीकडे झाडू मारता मारता कानानं रेडिओ शिकलो. नुसत्या गुणगुणण्यावरून कोणता व्हॉल्व्ह गेला ते सांगतो. मागून मांजर आलं तरी मला कळतं. आणि एकदा कानावरून गेलेलं या डोक्यातून पुसलं जात नाही. टेप पुसली जाते, मी नाही.

६ नोव्हेंबर

शेजारच्या खोलीत खुशालरावांची आई, गोदाबाई, खाटेला खिळून आहे. दात नाहीत, म्हणून दिवसभर लोखंडी खलात विडा कुटते. ठक्, ठक्, मग थोडं थांबून ठक्. भिंत कुडाची, सगळं इकडे येतं.

आज खुशालराव बाजार समितीत गेल्यावर बुढीनं मला बोलावलं. तिची लेक कुंदा तेल्हाऱ्याला असते. लग्न खुशालरावांच्या मनाविरुद्ध केलं म्हणून त्यांनी नऊ वर्षं तिला दारात उभं केलं नाही. गोदाबाईला तिच्याशी बोलायचंय. माहा आवाज त्या डब्यात बसते का रे भाऊ, असं तिनं तीनदा विचारलं. मी म्हटलं, बसतो, आणि तेल्हाऱ्याला मी स्वतः नेऊन ऐकवतो.

आवाज भरायचा लाल खटका आणि वाजवायचा खटका एकदम दाबायचे, माईक हातभर अंतरावर धरायचा, आणि नजर आवाजाचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायची. आवाज चढला की काटा लाल पट्टीत जातो आणि टेप फाटल्यासारखी वाजते. बुढी मधेच रडली, मधेच पुटपुटली, त्यामुळे माझी फार तारांबळ झाली. पण पंधरा मिनिटांत काटा एकदाही लालमध्ये जाऊ दिला नाही. एवढी साफ टेप कुणी मिस्त्री करून दाखवावी.

संध्याकाळी कुंदाबाईंना कार्ड टाकलं: आईचा आवाज माझ्याजवळ आहे.

९ नोव्हेंबर

आज बाजार. दुकानापुढे ही गर्दी. ज्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकायचा. पंजाबराव तलाठ्यानं म्हशीचं ओरडणं काढलं ते टेपवर भरून पुन्हा लावलं, तर लोक हसून लोळले. दोन रेडिओंची मागणी नक्की झाली.

कॅसेट एकच. बुढीच्या बोलण्यावरच म्हैस भरली, तिचं बोलणं पुसलं गेलं. मनाला लागलं. पण ती कुठं जाते, भिंतीपलीकडे तर आहे. उद्या दुपारी तिचं बोलणं पुन्हा भरून घेतो.

१० नोव्हेंबर

पहाटे गोदाबाई गेली.

१३ नोव्हेंबर

खुशालरावांनी तेल्हाऱ्याला तार केली. रीत म्हणून, असं मलाच सांगत होते. मी मान हलवली. टेपचं त्यांना काहीच माहीत नाही.

बाजाराची टेप आज लावून पाहिली, बुढीचा एखादा शब्द खाली उरलाय का म्हणून. म्हैस आहे, हसणं आहे. हसण्याच्या खाली ठक्, ठक्, थोडं थांबून ठक्.

पुसणारं हेड मळलं असेल. स्पिरिट आणि कापूस घेऊन साफ केलं. जुना आवाज असा उरतो कधी कधी. फक्त एक गोष्ट खटकली. सहा तारखेला बोलताना बुढीनं खल बाजूला ठेवला होता, आणि बाजाराच्या दिवशी तो वाजलाच नव्हता.

१५ नोव्हेंबर

सगळी बाजू रेडिओवरच्या बातम्यांनी भरून काढली. रेडिओवरून टेप भरताना माईक लागत नाही, आतल्या आत उतरतं. माईक ट्रंकेत होता. खोलीत ढोल वाजला तरी टेपवर येणार नाही.

बातम्यांच्या मधल्या जागांत ठक्, ठक्. पहिल्यापेक्षा जवळ.

खोलीत मला काही ऐकू येत नाही. भिंतीला कान लावून बसलो. पलीकडे आशाबाई, खुशालरावांची कारभारीण, दिव्यात तेल घालत होत्या. बाकी काही नाही.

१७ नोव्हेंबर

कुंदाबाईंचं कार्ड आलं. तेरवीला बावीस तारखेला येते, दादा घरात घेवो न घेवो, मी तुमच्या दुकानात बसून ऐकेन. खाली एक ओळ: माय मले काय म्हणे, चांगलं का वाईट, एवढं तरी पोस्टानं कळवा.

कळवलं नाही.

संध्याकाळी एक वेडा विचार आला. आवाज परत येत असेल तर येऊ द्यावा. माईक लावला, दार लावून घेतलं आणि अर्धा तास रिकाम्या खोलीचा आवाज भरला. नंतर टेप लावली. कुटणं थांबलं, खल खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि अगदी स्पष्ट — कुंदे.

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू, आनंदानं.

१९ नोव्हेंबर

दहावा. बुढी गेली त्या जागी रात्री दिव्याशी पीठ पसरून टोपली झाकली होती. गेलेला माणूस कोणत्या रूपानं गेला ते पिठात उमटतं म्हणतात. सकाळी आशाबाईंनी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. मुंगीचंही पाऊल नाही. आशाबाई म्हणाल्या, बुढी इथं नाईच. मग सगळ्या बाया उगाच माझ्या दाराकडे पाहू लागल्या. कदाचित मलाच तसं वाटलं.

दुपारी पुन्हा अर्धा तास भरला.

कुंदे, म्हणाली. मग — कुंदे, म्या तुले... मग काही नाही. शोधतेय. हरवलेली किल्ली शोधावी तशी.

शेवटी माझ्याशी बोलली. भाऊ, म्या काय म्हणलं होतं?

२० नोव्हेंबर

तिच्याजवळही उरलं नाही. मी पुसलं ते तिच्याकडूनही पुसलं गेलं.

आजच्या टेपवर तिचं बोलणं फार जवळ आहे. तूच होता नं तिथं. तुह्याशिवाय कोणी नव्हतं. सांग.

मशीन बंद करून ट्रंकेत ठेवलं. कुलूप लावलं.

२१ नोव्हेंबर

सकाळी मशीन टेबलावर. कुलूप लागलेलंच. माईकच्या जाळीवर लाल ओल. बोटाला लावून पाहिली. विडा. काताचा वास.

मी याच खोलीत झोपलो होतो. मला — काहीच आवाज आला नाही.

खुशालरावांकडे गेलो, दुकान सोडतो म्हणालो. म्हणाले, तेरवी तर जेवून जा. कुंदी येऊन राहिली उद्या, तिले आत घेतो म्हणलं आता. माय गेली, आता कोणाशी भांडू. त्यांचे डोळे भरले होते. तिच्यासाठी मायनं काही ठेवलं का, तुम्हाले काही बोलली का, असं विचारलं.

हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

आता पळताही येत नाही.

२२ नोव्हेंबर, सकाळ

ठरवलं. टेप बिघडली म्हणून सांगायचं आणि निरोप तोंडानं सांगायचा. कानावरून गेलेलं माझ्या डोक्यातून — आठवेल. शांत बसलं की आठवेल.

रडली होती. कुठल्या शब्दाला?

दुपार

कुंदाबाई आल्या. बाहेर पेटीवर बसल्या आहेत. आईसारखंच नाक. घाई नाही भाऊ, म्हणतात, नऊ वर्षं थांबली मी. मी आत आलो, मशीन आणतो म्हणून.

आठवत नाही.

शाबासकी दिली होती का. शिव्या. माफी. ये म्हणाली, की येऊ नको. खोटंच काही गोड सांगावं तर — टेबलावर लोखंडी खल आहे. आत्ता नव्हता. मी दाराकडे तोंड करूनच बसलोय.

खटके दाबलेले आहेत. दोन्ही. मी नाही दाबले. खोलीत कोणी बोलत नाही, आणि काटा हलतोय. हळू. एक शब्द म्हणावा तेवढा. पुन्हा तेवढाच. सांग. सांग.

कुंदाबाई हाक मारताहेत —

कुंदाबाई, आठवणार कुठून. पंधरा मिनिटं मी हा काटाच बघत होतो. म्हातारीचं बोलणं मी ऐकलंच नव्हतं. एकही शब्द. काटा आता लाल पट्टीत