आईच्या फोनमधला निरोप

पुणे

तीर्थरूप अण्णांना अयोध्याचा वाकून नमस्कार.

गेलेल्या माणसाने लपवायला सांगितलेली गोष्ट घरच्यांना सांगावी का?

मी बरी आहे, वेळेवर जेवते. शेळी व्याली का?

क्लासमध्ये आम्हाला कॉम्प्युटरकडून फाइलच्या नावाचा शेवट तपासून घ्यायला शिकवलं; त्यावरून ते गाणं आहे की फोटो ते कळतं. सरावासाठी मी आईच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड लावलं. नावाच्या शेवटावरून गाणी आणि फोटो बाजूला काढले, तेव्हा एकच वेगळी फाइल उरली. ती उसाच्या फडात, तिच्या शेवटच्या हंगामात आईने बोलून ठेवलेली आहे. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की बोललेलं मला पोचतं, असं तिला वाटलं असणार.

"अयोध्या, पोटात लई दुखायलंय गं. तुझ्या अण्णाला सांगू नको, तोड सोडून मला घेऊन दवाखान्यात बसतील. ऐकू यायलंय का गं?"

भर वर्गात मी मोठ्याने "हो" म्हणाले. पोरी हसल्या. तेव्हापासून जेवायला बसले तरी ती पाठीमागून तेच विचारते.

सात वर्षं तुम्ही म्हणता, "माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?" अण्णा, तिने तुमच्यापासून लपवलं होतं. सांगितलं ते मला, आणि मी सात वर्षं उत्तर दिलं नाही.

कार्ड बजरंगकाकांच्या फोनमध्ये घालून ऐका, पण आधी काकांना बाहेर बसवा. औषध चुकवू नका.

ती सांगू नको म्हणाली होती, पण तिचं न ऐकता ते कार्ड मी या कागदाच्या मागे चिकटवलं आहे.

तुमची,
अयोध्या