हंगाम संपल्यावरचा फोन

निपाणी, सोमवार संध्याकाळ

साठ मिनिटांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना तीन तास का चालतो? पत्नीने आज पुन्हा विचारले, "आवो, खेळत्यात कमी, उभंच लई ऱ्हात्यात की!" मी वहीत मैदान आखून समजावले: प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो, पुढची चाल ठरते. दर सोमवारी सकाळी अमेरिकेतून टीव्हीसमोर फोन धरून सामना दाखवणारा आमचा मुलगा विनायक त्याच थांब्यांत नोकरी, ताप, एकटेपण सांगत असे. आज त्याचा संघ हरला, हंगाम संपला. "बरं आप्पा, ठेवतो." एवढेच. मला फार थकवा आला आहे. फोन सामन्यासाठी होता, की त्या थांब्यांसाठी? चाचणी सोपी आहे. पुढच्या सोमवारी सामना नसताना आपणच फोन लावायचा, आणि बोलणे थांबले की आधी कोण ठेवतो, ते पाहायचे.